नायगावच्या तीन तारखा

नायगाव म्हटलं की ३ जानेवारी. आपल्या तालुक्यातल्या शाळेतल्या पोरालाही ही तारीख झोपेत विचारली तरी सांगता येईल. ३ जानेवारी १८३१ ला नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. राज्यभरातून गाड्या येतात, शाळांच्या सहली येतात, मंत्री येतात, बंदोबस्त येतो. आम्हा बातमीदारांचा तर तो वर्षातला ठरलेला दिवस. सकाळी अभिवादन, दुपारी भाषणं, संध्याकाळी बातमी.

पण मंडळी, नायगावच्या नावावर आणखी दोन तारखा आहेत. एक १० ऑक्टोबर १८५६ आणि दुसरी २९ ऑगस्ट १८६८. या दोन्ही तारखांना सावित्रीबाई नायगावात होत्या आणि त्यांनी इथूनच पुण्याला जोतिरावांना पत्रं लिहिली. पत्रावर गावाचा पत्ता आहे, पेटा खंडाळ्याचा, जिल्हा साताऱ्याचा उल्लेख आहे. (आपला खंडाळा. बाहेरच्या माणसाला खंडाळा म्हटलं की लोणावळ्याचा आठवतो, तो नव्हे.) डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलं. त्यात सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. त्यातली दोन आपल्या गावातली. तिसरं जुन्नरकडच्या ओतूरहून, १८७७ च्या दुष्काळातलं.

मी गेली वीसेक वर्षं या पट्ट्यात बातमीदारी करतोय. या काळात ३ जानेवारीची भाषणं किती ऐकली याचा हिशेब नाही. १० ऑक्टोबरला किंवा २९ ऑगस्टला नायगावात गाड्यांची रांग लागलेली मात्र कधी पाहिली नाही. आता गावात नवीन, मोठं स्मारक व्हायचं आहे, म्हणून या दोन तारखांबद्दल लिहायचं ठरवलं. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

*

आधी आज काय आहे ते बघू.

पुणे-सातारा हायवेने आलात तर शिरवळपासून पूर्वेला आत यावं लागतं. एका बाजूला कंपन्यांच्या शेड, कामगारांच्या बस आणि टपऱ्या, आणि थोडं आत गेलं की ऊस, कांदा, ज्वारी. गावात सावित्रीबाईंचं जन्मघर जुन्या धाटणीत उभं केलेलं आहे. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारं स्मारक आहे, पुतळा आहे. बाहेरगावच्या बायका घराच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतात. काही जणी तिथे बसून राहतात, काही बोलत नाहीत. हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी बरं वाटतं.

सावित्रीबाईंच्या इतर खुणा बघायच्या तर पुण्याला जावं लागतं. गंज पेठेतला फुले वाडा, म्हणजे समताभूमी. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. तो वाडा वर्षानुवर्षं कोर्टात अडकला होता. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये जुनी इमारत पाडून राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी केली. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं आणि २०२२ मध्ये तिथे पूर्णाकृती पुतळा बसला. पोस्टाचं तिकीट निघालं ते १० मार्च १९९८ ला, त्यांच्या स्मृतिदिनी.

वर्षं बघा. सावित्रीबाई गेल्या १८९७ मध्ये. त्यांचं सगळं लेखन एका ग्रंथात आलं १९८८ ला, तिकीट आलं १९९८ ला, विद्यापीठाचं नाव २०१४ ला. मधली ऐंशी-नव्वद वर्षं ही बाई पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या ओळीत होती, तीही 'जोतिरावांच्या पत्नी' म्हणून. ज्या थोड्या लोकांनी हे नाव धरून ठेवलं ते सत्यशोधक परंपरेतले, फुले-आंबेडकरी चळवळीतले, शिक्षक आणि अभ्यासक होते. सरकार नंतर आलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण आता श्रेय घ्यायला बरीच गर्दी आहे.

एक गोष्ट आपल्याच लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. जोतिरावांचं घराणंही मूळचं आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. तिथून ते नीरेपलीकडे पुरंदरमधल्या खानवडीला गेले, मग पुण्याला. म्हणजे ज्यांना आपण 'पुण्याचे फुले' म्हणतो त्या दोघांचीही मुळं इकडची.

*

आता पहिली तारीख, जन्माची. सावित्रीबाईंच्या लहानपणाबद्दल शिरवळच्या बाजाराची एक गोष्ट सांगतात. लहानगी सावित्री आठवडी बाजाराला गेली होती. तिथे मिशनरी लोक गाणी म्हणत होते. त्यांच्यापैकी कुणीतरी तिला एक चित्रांचं पुस्तक दिलं. वाचता येत नव्हतं, पण तिने ते जपून ठेवलं आणि लग्न झाल्यावर पुण्याला सोबत नेलं. ही आठवणीतून आलेली आख्यायिका आहे, तिला आख्यायिका म्हणूनच घ्यावं. तरी मला ती आवडते. कारण शिरवळचा बाजार आजही भरतो आणि आजही तिथे आईचं बोट धरून पोरी येतात.

१८४० साली लग्न झालं. सावित्री नऊ वर्षांची, जोतिबा तेरा वर्षांचे. शिक्षण सासरी सुरू झालं, नवऱ्याकडून. पुढे अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे शिकवण्याचं प्रशिक्षण झालं. १८४८ ला शाळा. १८४९ ला सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, दोघांनाही घराबाहेर काढलं, कारण जातीतून आणि भोवतालच्या लोकांकडून दबाव होता. उस्मान शेख यांच्याकडे आसरा मिळाला. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतिरावांचा जाहीर सत्कार झाला. १८५४ ला 'काव्यफुले' छापून आलं. तेव्हा सावित्रीबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

हे सगळं आपल्याला भाषणांतून पाठ झालंय. शाळेत जाताना अंगावर पडलेले शेणमातीचे गोळे आणि पिशवीत ठेवलेलं दुसरं लुगडं, हा प्रसंग तर प्रत्येक वक्ता सांगतो. सांगायलाच हवा. पण तो ऐकताना आपण आरामात बसलेले असतो. शेण फेकणारे पुण्याचे, पेठेतले, दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या काळातले. आपण सगळे सावित्रीबाईंच्या बाजूचे. टाळ्या वाजवायला काहीच लागत नाही.

म्हणूनच मला १० ऑक्टोबर १८५६ महत्त्वाची वाटते.

*

त्या वेळी सावित्रीबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. आजारी पडल्या म्हणून माहेरी आल्या होत्या. दुखणं लांबलं, मग हळूहळू उतार पडला. पत्राच्या सुरुवातीला त्या जोतिरावांना कळवतात की आता बरं आहे, काळजी नको, पूर्ण बरी झाले की पुण्याला येते. आपण नसल्याने फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुरणार नाही, असंही त्या लिहितात. या फातिमा म्हणजे फातिमा शेख. त्या होत्या की नव्हत्या यावर अलीकडे सोशल मीडियावर बराच धुरळा उडाला. ज्यांना खरोखर जाणून घ्यायचंय त्यांनी आपल्या गावातून गेलेलं हे पत्र आधी वाचावं.

मग पत्र भावाकडे वळतं. भावाने आजारपणात बहिणीची खूप सेवा केली, हे सावित्रीबाई आधी लिहितात. तो प्रेमळ आहे, वाईट माणूस नाही. पण एक दिवस गप्पांत तो बोलून गेला. तुला आणि तुझ्या नवऱ्याला लोकांनी वाळीत टाकलं ते बरोबरच आहे. तुम्ही महारामांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे. जातीच्या रूढीने वागा, भटजी सांगतात ते ऐका. आई शेजारीच होती. तिला ते ऐकून फार वाईट वाटलं.

यावर सावित्रीबाईंनी भावाला जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा. तू गाय, शेळी यांना कुरवाळतोस. नागपंचमीला विषारी सापाला दूध पाजतोस. आणि महार-मांग तुझ्यासारखीच माणसं असून त्यांना शिवत नाहीस, याचं कारण सांग. त्याच्या पुढचा प्रश्न तर थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. ब्राह्मण सोवळ्यात असतात तेव्हा ते तुलाही शिवून घेत नाहीत, तुलाही महारासारखंच वागवतात, मग तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

भाऊ ओशाळला. पण लगेच गप्प बसला नाही. महारामांगांना शिकवता कशाला, लोक तुम्हाला नावं ठेवतात, त्रास देतात, ते मला सहन होत नाही, असं तो म्हणाला. त्यावर बहिणीने शिक्षणाने माणसाचं पशुत्व कसं जातं ते सांगितलं, विश्रामबागवाड्यातल्या सत्काराचीही आठवण दिली. आईचे डोळे भरून आले. लेकीच्या तोंडून साक्षात सरस्वती बोलते आहे असं तिला वाटलं.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा चरकलो. कारण भावाचा शेवटचा मुद्दा आपण सगळ्यांनी घरात ऐकलेला आहे, बहुतेकांनी बोललेलाही आहे. मला स्वतःला काही नाही गं, पण लोक काय म्हणतील? पोरीने शिकायला पुण्याला जायचं म्हटलं की हेच. नोकरीला लागली, रात्रपाळी आली की हेच. दुसऱ्या जातीतला मुलगा आवडला की तर बोलायलाच नको. बोलणारा भाऊ दुष्ट नसतो. तो बहिणीला ताप आला तर रात्रभर जागतो.

शेण फेकणारा अनोळखी असतो, त्याच्याशी लढता येतं. जो औषध देतो, उशाशी बसतो, त्याला 'तुझं चुकतंय' म्हणणं फार अवघड. तेही आजारपणातून उठताना, त्याच्याच घरात, आईसमोर. सावित्रीबाईंनी ते केलं आणि आवाज न चढवता केलं. भावाचं प्रेम नाकारलं नाही आणि त्याचं म्हणणंही मान्य केलं नाही. हे नायगावात घडलं, पुण्यात नाही.

*

आता तिसरी तारीख. २९ ऑगस्ट १८६८.

मधल्या बारा वर्षांत बरंच काही झालं होतं. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी, त्यात ब्राह्मण विधवा अधिक, तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, जीव देऊ नये आणि बाळाचा जीव घेऊ नये. १८६८ सालीच जोतिरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. अशा दिवसांत सावित्रीबाई माहेरी आल्या होत्या.

पत्रातली हकिकत अशी. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग घेऊन गावोगाव फिरायचा, त्यावर पोट भरायचा. शारजा नावाची एक महार मुलगी. दोघांचं प्रेम जमलं. मुलगी सहा महिन्यांची गरोदर असल्याचं कळलं आणि लोक खवळले. दोघांना पकडलं, मारत मारत गावातून धिंड काढली. जिवे मारायचाच बेत होता.

सावित्रीबाईंना कळलं तशा त्या धावत गेल्या. त्या वेळी त्यांचं वय सदतीस. समोर चिडलेला जमाव, त्यात ओळखीचे, कदाचित भावकीतले लोक. त्यांनी हात जोडून विनवणी केली नाही. खून केलात तर इंग्रज सरकारचा कायदा तुम्हाला सोडणार नाही, याची जाणीव करून दिली. लोक थांबले. पण एक अट घातली. दोघांनी गाव सोडून जायचं. दोघेही तयार झाले. वाचल्यावर त्यांनी सावित्रीबाईंचे पाय धरले आणि रडू लागले. सावित्रीबाईंनी त्या दोघांना पुण्याला जोतिरावांकडे पाठवून दिलं, आणि पत्रातून हे सगळं कळवलं.

दीडशेहून जास्त वर्षं झाली. नावं बदला, पंचांगाच्या जागी मोबाईल घाला, ही आजची बातमी आहे. मी स्वतः अशा बातम्या दिल्या आहेत. पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात भेदरून बसलेली जोडपी पाहिली आहेत. बाहेर जीपमधून आलेले नातेवाईक असतात, आत हवालदार समजूत घालत असतो की पोरी, घरी जा, सगळं मिटेल. कधी मिटतं. कधी आठवड्याने दुसरी बातमी द्यावी लागते, तीही पहिल्या पानावर जात नाही, आणि गावात कुणी बोलायला तयार नसतं.

या प्रसंगातली दुसरी बाजूही सांगायला हवी. सावित्रीबाईंनी जीव वाचवले, पण त्या दोघांना गावात राहू देण्याइतकं गाव बदललं नाही. गणेश आणि शारजाला जावं लागलं. जिथे जावं लागलं ते ठिकाण सावित्रीबाईंचंच घर होतं हे त्यांचं नशीब. सगळ्यांना असं घर मिळत नाही.

आणि तिसरी बाजू, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. जमाव थांबला होता. एका बाईने कायद्याचं नाव घेतलं आणि हातात काठ्या घेतलेले लोक थांबले. म्हणजे जमाव थांबवता येतो. समोर कुणीतरी उभं राहावं लागतं. आणि उभं राहणारं माणूस गावचं लागतं, ज्याला लोक ओळखतात, जिचा बाप पाटील होता, जी इथेच लहानाची मोठी झाली. पुण्याहून आलेल्या परक्या बाईचं कुणी ऐकलं असतं का, शंका आहे. माहेरवाशिणीचं ऐकलं.

*

आता स्मारकाचा मुद्दा.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नायगावला सावित्रीबाईंचं मोठं स्मारक आणि महिला प्रशिक्षण केंद्र उभारायला मंजुरी दिली. रक्कम शंभर कोटींच्या वर आहे. गावासाठी, तालुक्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. रस्ते सुधारतील, बायकांना प्रशिक्षण मिळेल, बचत गटांना बाजार मिळेल, चार पोरांच्या हाताला काम लागेल. याला विरोध करणारा मी नाही.

पण आपल्याकडे स्मारक म्हटलं की काय होतं ते आपण सगळे जाणतो. भव्य प्रवेशद्वार, पुतळा, बाग, कारंजं, पार्किंग, कोनशिला. कोनशिलेवर नावं इतकी की ज्यांचं स्मारक त्यांचं नाव शोधावं लागतं. पहिलं वर्ष झकास जातं. मग कारंज्याचा पंप जळतो. मग दिवे जातात. मग ३ जानेवारीच्या आधी पंधरा दिवस रंगरंगोटी होते आणि ४ जानेवारीला पुन्हा कुलूप. हे कुठल्या एका ठिकाणाबद्दल बोलत नाही, राज्यात कुठेही जा.

दगड-सिमेंटचं काम सरकार करील. त्यात नायगावचं काय असेल ते गावाने आणि तालुक्याने आत्ताच, आराखडा कागदावर असतानाच बोलायला हवं. माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

पहिली. ही दोन्ही पत्रं स्मारकाच्या भिंतीवर पूर्ण लावा. सारांश नको, निवडक ओळी नकोत, पूर्ण. म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात. जन्मघर बघून बाहेर पडणाऱ्या माणसाने आधी ती वाचावीत आणि मग पुतळ्यापुढे उभं राहावं. मध्यभागी ती हवीत, कोपऱ्यात नकोत. सावित्रीबाई या गावात जन्मल्या ही त्यांची करणी नव्हती. या गावात येऊन त्यांनी जे केलं ती त्यांची करणी.

दुसरी. १० ऑक्टोबर आणि २९ ऑगस्ट हे दिवस गावाने पाळावेत. मंत्री नको, मंडप नको, हार नको. १० ऑक्टोबरला तालुक्यातल्या शाळांतल्या मुलामुलींनी पहिलं पत्र मोठ्याने वाचावं, आणि भावाची वाक्यं मुलांनी वाचावीत. २९ ऑगस्टला दुसरं. एक तासाचा कार्यक्रम, खर्च शून्य. ३ जानेवारी साऱ्या देशाची झाली, चांगलंच आहे. हे दोन दिवस खास नायगावचे आहेत, ते दुसऱ्या कुठल्या गावाला साजरे करता येणार नाहीत.

तिसरी. होऊ घातलेल्या महिला प्रशिक्षण केंद्रात एक खोली अशा मुलामुलींसाठी असावी, ज्यांच्या जिवाला लग्नामुळे धोका आहे. ही काही माझ्या मनातली हौस नाही. सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१८ ला 'शक्ती वाहिनी' प्रकरणात निकाल देताना राज्यांना सांगितलं आहे की प्रत्येक जिल्ह्यात यासाठी विशेष कक्ष हवा आणि धोक्यातल्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याचा विचार हवा. निवारा नायगावातच असावा असं मी म्हणत नाही, पत्ता जाहीर असलेली जागा त्यासाठी बरी नाही हे मलाही कळतं. पण तिथे फोन उचलणारं, कायदा माहीत असलेलं आणि पोलिसांपर्यंत पोहोचवणारं कुणीतरी रोज बसलेलं असावं. १८६८ मध्ये हे काम एका बाईने एकटीने, कुठल्याही कोर्टाच्या निकालाशिवाय केलं. आज निकाल आहे, निधी आहे, इमारत होणार आहे.

*

यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण गावातल्या काही जाणत्या मंडळींशी बोलताना तो आलाच. म्हणाले, "अहो, धिंडीचा प्रसंग भिंतीवर लावायचा म्हणजे गावाची बदनामी नाही का? बाहेरचे लोक वाचून काय म्हणतील?"

त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या गावाबद्दल वाईट लिहिलेलं कुणालाच आवडत नाही. पण हाच प्रश्न १८५६ मध्ये त्या भावानेही विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. आणि सावित्रीबाईंनी हे लपवलेलं नाही. त्यांनी माहेरच्या गावाचं नाव वर घालून, तारीख घालून लिहून ठेवलं. त्यांना माहेराची लाज वाटत असती तर त्या गप्प राहिल्या असत्या. त्या बोलल्या, कारण माहेर सुधारेल अशी आशा होती. भाऊ ओशाळला, आईने लेकीला दाद दिली, जमाव मागे हटला, हेसुद्धा त्याच पत्रांत आहे. गावाने चूक केली आणि गाव ऐकायलाही शिकलं, असं सांगणारं स्मारक महाराष्ट्रात किती ठिकाणी आहे? मोठेपणा सांगणारी स्मारकं गल्लोगल्ली आहेत.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती याच धाग्यातली आहे. १८७४ मध्ये फुले दांपत्याने एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तोच यशवंत. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. १८९३ मध्ये सासवडला, म्हणजे आपल्या नीरेच्या पलीकडे, सत्यशोधक समाजाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १८९७ ला पुण्यात प्लेगची साथ आली. यशवंत डॉक्टर झाले होते, त्यांनी गावाबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

ज्याला लोक शिवत नाहीत त्याला त्यांनी शेवटी पाठीवर घेतलं. पंचवीस वर्षांच्या वयात भावाला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर सहासष्टाव्या वर्षी असं दिलं. म्हणून नायगावातलं ते संभाषण लहान समजू नका.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा अशी नायगावच्या ग्रामस्थांना, सरपंचांना आणि सदस्यांना हात जोडून विनंती. दोन पत्रं भिंतीवर लावण्याचा आणि दोन दिवस पाळण्याचा ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. ठराव झाला तर तो आराखडा करणाऱ्यांकडे पोहोचवायची जबाबदारी माझी आणि माझ्यासारख्या इथल्या बातमीदारांची. तोवर ज्यांच्या घरात 'समग्र वाङ्मय' आहे त्यांनी ही पत्रं आज रात्री घरात मोठ्याने वाचा. शाळेत, ग्रंथालयात नक्की मिळेल. वाचताना मुलाला जवळ बसवा, मुलीला तर बसवाच.